खरी प्रत कोणती? एका महाकाय विमानाच्या आखूड पडलेल्या तारांचा इतिहास #धागा

१/
१८ जानेवारी २००५. फ्रान्समधील तुलूझ. एका भव्य हँगरमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक, ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर, जर्मनीचे चान्सलर गेरहार्ड श्रोडर आणि स्पेनचे पंतप्रधान सापातेरो एकत्र उपस्थित होते. पडदा दूर झाला आणि जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान समोर आले : एअरबस ए-३८०. टोकापासून टोकापर्यंत दोन मजले असलेले हे विमान म्हणजे युरोपच्या एकजुटीचे प्रतीक आहे, अशीच त्या दिवशी सर्वांची भावना होती.

२/
जेमतेम दीड वर्षात चित्र पालटले. १४ जून २००६ रोजी एअरबसची मूळ कंपनी ईएडीएस हिच्या समभागांचा भाव एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. विमान तर उत्तम उडत होते. इंजिन निर्दोष होते, पंख भक्कम होते. अडचण होती ती तारांची. जर्मनीत तयार झालेली तारांची जुडगी फ्रान्समध्ये बसवताना काही ठिकाणी आखूड पडत होती.

३/
चार देशांच्या निष्णात अभियंत्यांना तारेची लांबी मोजता आली नाही, असे घडेल काय? मुळीच नाही. प्रत्येकाने आपापल्या आराखड्यानुसार अचूकच काम केले होते. मात्र प्रत्येकाच्या समोरचा आराखडा एकच नव्हता. हा घोटाळा नीट समजून घ्यायचा तर आधी सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल. मित्रहो, आजचा धागा आहे अभियांत्रिकीतील एका जुन्या प्रश्नाचा : अनेकांनी मिळून एकच वस्तू घडवायची असेल, तर आराखड्याची खरी प्रत कोणती मानायची?

४/
अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅट आणि मॅथ्यू बोल्टन यांची वाफेची इंजिने इंग्लंडभर उभी राहत होती. इंजिनाची आखणी बर्मिंगहॅमजवळ होई, त्याचे सिलिंडर जॉन विल्किन्सनच्या कारखान्यात बनत आणि जोडणी दूर कॉर्नवॉलच्या खाणीवर होत असे. म्हणजे कागदावरची रेघ एकीकडे आणि लोखंड दुसरीकडे. साहजिकच पत्रे आणि कागदपत्रे यांच्या नकला हा रोजचा जाच झाला. वॅटने १७८० मध्ये नकला काढण्याच्या एका यंत्राचे पेटंट घेतले, ते याच जाचातून.

५/
पुढचा टप्पा रसायनशास्त्राचा. १८४२ मध्ये सर जॉन हर्शेल यांनी लोहक्षारांवर सूर्यप्रकाश पाडून निळे चित्र उमटवण्याची प्रक्रिया शोधली. अर्धपारदर्शक कागदावर काढलेले ड्रॉइंग रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचे, उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. मग निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा उमटत. १८७० च्या दशकापासून अभियंत्यांच्या कचेऱ्यांत ही पद्धत रूढ झाली. आपण आज कोणत्याही योजनेला ‘ब्लूप्रिंट’ म्हणतो, त्या शब्दाचा उगम हा असा आहे.

६/
ब्लूप्रिंटमुळे नकला स्वस्त झाल्या आणि एक नवा धोका जन्माला आला. कचेरीतील मूळ ड्रॉइंगमध्ये बदल झाला, तरी कारखान्यात गेलेली नक्कल जुनीच राहते. ती छापली गेली त्या क्षणीच गोठते. कारागिराच्या हातातील कागद कोणत्या तारखेचा, यावर छिद्र कोठे पडणार हे ठरू लागले.

७/
या धोक्यावर ड्रॉइंग ऑफिसांनी एक कडक शिस्त घडवली. प्रत्येक ड्रॉइंगला स्वतंत्र क्रमांक. कोपऱ्यातील चौकटीत काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची सही. प्रत्येक बदलाला अ, ब, क असे अक्षर आणि त्यापुढे बदलाचे कारण. मूळ ट्रेसिंग कुलूपबंद कपाटात. एखाद्या ड्राफ्ट्समनने ते बाहेर नेले, तर त्याच्या जागी नावाची चिठ्ठी. नवी प्रत निघाली की कारखान्यातील जुनी प्रत परत मागवून नष्ट करायची.

आपल्याकडील जुन्या कारखान्यांत काम केलेल्यांना ‘अमोनिया प्रिंट’चा तो उग्र वास आणि प्रिंटवरचा शिक्का आठवत असेल. तीच ही परंपरा.

८/
या शिस्तीचे मर्म एका साध्या भौतिक सत्यात होते. मूळ ट्रेसिंग एकच असे. एक कागद एकाच वेळी दोन टेबलांवर असू शकत नाही. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी मूळ आराखडा बदलणे अशक्य होते आणि खरी प्रत कोणती, हे शोधायचे तर कपाट उघडणे पुरेसे होते.

९/
संगणकाने नेमके हेच सत्य मोडले.

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढता येऊ लागली. फ्रान्समध्ये दासो या विमाननिर्मात्या कंपनीने १९७७ च्या सुमारास स्वतःच्या गरजेसाठी त्रिमितीय आरेखनाची प्रणाली रचण्यास प्रारंभ केला. तीच पुढे ‘कॅटिया’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि १९८१ मध्ये ती विकण्यासाठी ‘दासो सिस्तेम’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

१०/
संगणकीय फाइलची नक्कल मूळ फाइलइतकीच परिपूर्ण असते. तिला ना निळा रंग, ना अमोनियाचा वास. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा भेदच मिटला. सामायिक फोल्डरमधील एकच फाइल दोन अभियंत्यांनी सकाळी उघडली, दोघांनी दिवसभर आपापले बदल केले आणि संध्याकाळी जतन केले, तर शेवटी जतन करणाऱ्याचे काम उरते. पहिल्याचा दिवस निमूटपणे पुसला जातो आणि हे त्याला कित्येकदा कळतही नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हीच खरी फायनल’ अशा तीन फाइली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

११/
या गोंधळावरचे उत्तर १९८० च्या दशकात आकाराला आले. अमेरिकन मोटर्स ही त्या काळी मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे धडपडणारी मोटार कंपनी होती. तिच्या अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते फ्रान्स्वा कास्तें. १९८५ पासून जीपच्या एका नव्या गाडीची आखणी सुरू झाली, तेव्हा मोजक्या माणसांत वेगाने काम उरकण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. आरेखन संगणकावर आणले आणि सर्व ड्रॉइंगे व कागदपत्रे एका मध्यवर्ती माहितीसाठ्यात ठेवली. बदल झाला की तो सर्वांना तत्काळ दिसू लागला. १९८७ मध्ये क्रायस्लरने ही कंपनी विकत घेतली आणि तीच गाडी १९९२ मध्ये ‘ग्रँड चेरोकी’ नावाने लोकांसमोर आली.

१२/
अशा व्यवस्थेला ‘प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट’, थोडक्यात पीडीएम, हे नाव मिळाले. तिचे कार्य जुन्या ड्रॉइंग ऑफिसच्या भाषेत सहज समजते.

कुलूपबंद कपाटाच्या जागी आली ‘व्हॉल्ट’, म्हणजे फाइलींची तिजोरी. चिठ्ठीच्या जागी आले ‘चेक-आउट’ : एकाने फाइल बदलासाठी घेतली की इतरांना ती पाहता येते, पण बदलता येत नाही. काम संपवून ‘चेक-इन’ केले की नवी आवृत्ती नोंदली जाते आणि जुनीही सुरक्षित राहते. सही-शिक्क्यांच्या जागी आल्या मंजुरीच्या पायऱ्या. मंजुरी मिळालेला आराखडा गुपचूप बदलता येत नाही. त्यासाठी बदलाची रीतसर सूचना काढावी लागते.

१३/
परंतु कपाटाला जे जमत नव्हते, तेही ही प्रणाली करते. ती फाइलींमधील नाती जाणते. एक साधा कंस घ्या, ज्यावर तारांचे जुडगे टेकते. तो कंस दोन सेंटिमीटर सरकवला, तर कोणकोणत्या जोडणीत तो वापरला आहे, कोणत्या तारांची लांबी त्यावर अवलंबून आहे आणि हा बदल कितव्या क्रमांकाच्या विमानापासून लागू होणार, या सर्व प्रश्नांची उत्तरे तिच्यात नोंदवता येतात. लाखो सुट्या भागांच्या यंत्रात ही नाती माणसाच्या स्मरणात मावत नाहीत.

१४/
या विचाराची पहिली भव्य कसोटी ठरले बोइंग ७७७. १९९० मध्ये हाती घेतलेल्या या विमानाचे सुमारे ३० लाख भाग. पूर्वी नव्या विमानाची पूर्ण आकाराची लाकडी-धातूची प्रतिकृती उभारून कोणता भाग कोणाला धडकतो, ते पाहत. ७७७ च्या बाबतीत ही जोडणी संगणकात, कॅटियाच्या साहाय्याने करण्यात आली. खात्रीसाठी केवळ नाकाकडील भागाची प्रतिकृती बांधली गेली. दोनशेहून अधिक संघ काम करत होते. त्यांत आखणी करणारे आणि प्रत्यक्ष बांधणी करणारे एकत्र बसत. जपानमधील भागीदार कंपन्याही याच जाळ्याला जोडलेल्या होत्या. १२ जून १९९४ रोजी विमान पहिल्यांदा झेपावले. भाग एकमेकांत इतके नेमके बसले, की ‘कागदाविना विमान’ ही उद्योगजगतातील दंतकथा बनली.

१५/
आता पुन्हा तुलूझला येऊ.

एअरबस १९७० मध्ये जन्मली ती वेगवेगळ्या देशांतील कंपन्यांची एक आघाडी म्हणून. फ्रेंच, जर्मन, पुढे स्पॅनिश आणि ब्रिटिश. प्रत्येकीचा स्वतःचा कारखाना, स्वतःची परंपरा, स्वतःची साधने. २००१ मध्ये या सर्वांची मिळून एकच कंपनी झाली. दारावरची पाटी बदलली, तरी आतले अभियंते, वरिष्ठ आणि संगणक तेच होते. ए-३८० चा निर्णय डिसेंबर २००० मधला, म्हणजे विलीनीकरणाच्या ऐन उंबरठ्यावरचा.

१६/
कामाची वाटणी पाहा. पंख वेल्समधील ब्रॉटन येथे, शेपटीचा भाग स्पेनमध्ये, नाक आणि मधला भाग फ्रान्समध्ये, तर पुढचे-मागचे मोठे धड जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे. हे अजस्र भाग जहाजाने बोर्दोजवळ येत, तेथून गारोन नदीतून तराफ्याने आणि अखेर रात्रीच्या वेळी खास रस्त्याने तुलूझला पोहोचत. हॅम्बुर्गहून येणाऱ्या धडात तारा आधीच बसवलेल्या असत. तुलूझमध्ये त्यांची टोके शेजारच्या भागातील टोकांशी जोडणे एवढेच उरले होते.

१७/
एकेका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा. मुंबई ते पणजी या रस्त्याच्या लांबीच्या जवळपास! सुमारे एक लाख तारा आणि चाळीस हजारांवर कनेक्टर. तारांचे काम नेहमी शेवटी येते आणि सर्वांच्या बदलांचा भार त्यांच्यावर पडतो. भिंत सरकली, कंस हलला, विमान कंपनीने आसनांपुढे वेगळा पडदा मागितला, की तारेची वाट बदलते. त्यात वजन वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या. त्या तांब्यासारख्या तीव्र वळत नाहीत. वळण रुंद झाले की लांबीचा हिशेब बदलतो.

१८/
आणि येथे मूळ दुखणे उघडे पडले. फ्रान्स आणि ब्रिटनमधील केंद्रे कॅटियाच्या पाचव्या पिढीवर काम करत होती. जर्मनी आणि स्पेनमधील केंद्रे चौथ्या पिढीवर. नावे सारखी असली, तरी पाचवी पिढी ही जुन्या घराची डागडुजी नव्हती. ते नव्याने बांधलेले घर होते. चौथ्या पिढीतील आकृती पाचव्यात आणता येई, परंतु आकारामागची सर्व माहिती आणि नियम तिच्यासोबत जसेच्या तसे येत नसत.

१९/
परिणामी सर्वांसाठी एकच असायला हवी होती ती संगणकीय प्रतिकृती नावापुरतीच एक राहिली. एका केंद्रातील बदल दुसऱ्या केंद्राच्या पडद्यावर यायला भाषांतराचे श्रम लागत. भाषांतर म्हटले की विलंब आला आणि अपुरेपणाही आला. दोन शहरांत एकाच विमानाची दोन रूपे नांदू लागली. दोन्ही नीटनेटकी, दोन्ही अधिकृत वाटणारी. ती जोपर्यंत पडद्यावर होती, तोपर्यंत तंटा नव्हता. धातूचे धड जहाजातून उतरले, तेव्हा तंटा उभा राहिला.

२०/
मग सुरू झाली हातघाईची दुरुस्ती. हॅम्बुर्गहून शेकडो कामगार तुलूझला आले. तारा उपसायच्या, नव्या वाटेने ओढायच्या, पुन्हा जोडायच्या, पुन्हा तपासायच्या. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. विमानावर हाताने केलेली दुरुस्ती आराखड्यात परत नोंदली नाही, तर ते विमान कोणत्याच आराखड्याशी जुळत नाही. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीगणिक ‘खरी प्रत कोणती’ हा प्रश्न अधिकच जटिल होत गेला. पहिल्या तुकडीतील विमाने अशीच एकेक करून, जणू हस्तव्यवसायातील वस्तू असावी तशी, पूर्ण करावी लागली.

२१/
किंमत जबर होती. २ जुलै २००६ रोजी ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोरजार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुम्बर्ट या दोघांनी राजीनामे दिले. नवे प्रमुख क्रिस्तियाँ स्त्रेफ शंभर दिवसांच्या आसपास टिकले. ऑक्टोबर २००६ मध्ये तिसऱ्यांदा विलंब जाहीर झाला. २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची तूट येईल, असा अंदाज कंपनीने मांडला. २००७ या संपूर्ण वर्षात केवळ एक विमान सुपूर्द होऊ शकले : १५ ऑक्टोबरला, सिंगापूर एअरलाइन्सकडे.

२२/
फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने सुमारे १०,००० जागा कमी करण्याची योजना जाहीर केली. तिच्यामागे घसरलेल्या डॉलरसारखी अन्य कारणेही होती, पण ए-३८० च्या विलंबाचा घाव मोठा होता. मार्चमध्ये तुलूझचे कामगार संपावर गेले. जर्मन कामगारांना वाटे, खापर आपल्यावर फोडले जात आहे. फ्रेंच कामगारांना वाटे, दुसऱ्यांच्या चुकीची शिक्षा आपण भोगतो आहोत. ज्या विमानाला एकजुटीचे प्रतीक म्हटले होते, त्याच्याच तारांनी जुन्या सीमारेषा पुन्हा आखल्या.

२३/
इतिहासाचा उपरोध पाहा. नोव्हेंबर २००६ मध्ये फेडएक्स कंपनीने ए-३८० च्या दहा मालवाहू विमानांची मागणी रद्द केली आणि त्याऐवजी ज्या विमानाची मागणी नोंदवली, ते होते बोइंग ७७७. होय, तेच, ज्याची जोडणी आधी संगणकात झाली होती! मालवाहू ए-३८० कधीच बांधले गेले नाही.

२४/
मग दोष कोणाचा? ‘दोन सॉफ्टवेअरचे पटले नाही’ असे एका ओळीचे उत्तर सर्वत्र आढळते. ते खोटे नाही, अपुरे आहे. स्वतः कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता, की तारांच्या आखणीसाठीची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती उशिरा अमलात आली आणि ती हाताळणारी माणसे अद्याप शिकत होती. म्हणजे साधन बाजारात उपलब्ध होते. सर्वांनी एकच साधन, एकाच दिवसापासून वापरावे, असा निर्णय वेळेवर झाला नाही.

२५/
हा निर्णय अवघड का होता, हेही समजून घेतले पाहिजे. वर्षानुवर्षे हाताळलेली प्रणाली सोडणे म्हणजे ऐन धावपळीत हजारो फाइलींचे स्थलांतर, पुन्हा प्रशिक्षण आणि काही महिन्यांची मंदगती. शिवाय ‘तुमचे साधन सोडा, आमचे घ्या’ या वाक्यात प्रतिष्ठेचा काटा असतोच. नुकत्याच विलीन झालेल्या कंपनीत तो अधिक बोचतो. प्रत्येक केंद्राने आपले कपाट आपल्याच किल्लीने उघडत राहणे, हा त्या वेळी सोपा मार्ग होता.

२६/
धडा मात्र शिकला गेला. हॅम्बुर्गमध्ये नवी साधने आणि प्रशिक्षण पोहोचले आणि पुढील विमानांच्या तारांची आखणी समान पद्धतीने होऊ लागली. त्यानंतरच्या ए-३५० या विमानासाठी कंपनीची सर्व केंद्रे आणि प्रमुख पुरवठादार एकाच सामायिक संगणकीय प्रतिकृतीवर काम करू लागले. ए-३५० ने पहिले उड्डाण केले ते १४ जून २०१३ रोजी. समभाग कोसळले त्या दिवसाला बरोबर सात वर्षे पूर्ण होत होती.

ए-३८० ची एकूण २५१ विमाने विमान कंपन्यांना मिळाली. शेवटचे डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सकडे गेले. त्या मोठ्या विमानाला बाजार अपुरा पडला, हे त्यामागचे मुख्य कारण. परंतु उमेदीची पहिली वर्षे तारांनी गिळली, हेही खरे.

२७/
या इतिहासाचा एक धागा आपल्या दारातूनही जातो. कॅटिया घडवणाऱ्या दासो सिस्तेमने २००२ मध्ये मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीसोबत एक संयुक्त उपक्रम सुरू केला आणि पुण्यात अशा प्रणालींच्या विकासाचे मोठे काम उभे राहिले. त्यामुळे जगात कोठेतरी एखादा अभियंता फाइल ‘चेक-आउट’ करतो, तेव्हा त्या आज्ञेमागच्या काही ओळी मराठी मुलखात लिहिलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे.

२८/
बर्मिंगहॅमच्या कचेरीपासून तुलूझच्या हँगरपर्यंत साधने किती बदलली! प्रश्न तोच राहिला. जुन्या ड्राफ्ट्समनची चिठ्ठी हा कागदाचा क्षुल्लक कपटा होता, पण ती ठेवण्याचा नियम साहेबालाही लागू असे. संगणकीय तिजोरी त्या चिठ्ठीचे काम अधिक वेगाने करते. नियम सर्वांना लागू आहे, हे मात्र माणसांनाच आधी मान्य करावे लागते. एअरबसच्या चार देशांनी ते मान्य करायला उशीर केला आणि त्या उशिराची लांबी अखेर तारेच्या काही सेंटिमीटरांत मोजली गेली.

२९/
धागा येथे संपतो. तुमच्या घरात कोणी जुन्या ड्रॉइंग ऑफिसात काम केले असेल, तर मूळ ट्रेसिंग कोठे ठेवत, ते बदलण्याचा अधिकार कोणाला असे आणि जुन्या प्रिंटचे पुढे काय होई, हे त्यांना अवश्य विचारा आणि उत्तर खाली लिहा. हा इतिहास ग्रंथांत फार थोडा आहे. तो बहुतांशी निवृत्त माणसांच्या आठवणींत आहे.